पळालेल्या पोरीत सुधारायचं काय?

आमच्या तालुक्यात पोरगी पळून गेली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिले दोन दिवस घरचे बाहेर कळू देत नाहीत. मामाकडे गेली, मावशीकडे गेली असं सांगून वेळ मारून नेतात. तिसऱ्या दिवशी बाप ठाण्यात जातो. पोरगी अठराच्या आतली असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो, कारण बेपत्ता मुलांच्या तक्रारीत तसं करा, असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे. मग मोबाइलचं लोकेशन काढलं जातं. सुरत, पुणे, हैदराबाद, नाहीतर नागपुरातच एखाद्या बांधकामावर दोघं सापडतात. पोरगा आत जातो. पोरीची दवाखान्यात तपासणी होते, नंतर तिला बालकल्याण समितीपुढे उभं करतात. "घरी जाशीन का वं?" ती मान हलवून नाही म्हणते. घर नको म्हणणाऱ्या पोरीला ठेवायला बहुतेक वेळा एकच जागा असते, बालिकागृह. गावात त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. "राहू द्या तिथं, सुधरून येईन," असं बाप पारावर सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात.

त्या बापाशी माझं भांडण नाही. त्याच्या पोटात काय कालवाकालव चालली असेल ते मी समजू शकते. पण या पोरीनं कुठलाही गुन्हा केलेला नाही, कायद्याच्या कागदावर ती पीडित आहे, मग तिच्यात सुधारायचं काय? मुलींच्या सुधारगृहांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर पुन्हा पुन्हा हेच दिसतं की तिचा जीव कुणावर जडला आणि कुणावरून उडाला, तेच सुधारायला घेतलेलं असतं. मला हे मुळातच उलटं वाटतं. पोरगी कुणाकडे ओढली जाते, कुणाला भिते, कुणाचं नाव काढलं की गप्प होते, हीच तिला सुरक्षित ठेवण्यासाठी आपल्या हाती असलेली सगळ्यात पक्की माहिती असते. ती आजार समजून दाबून टाकणारी संस्था पोरीला सांभाळूही शकत नाही.

वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात मुलींच्या सुधारणेची सरकारी सोय फार उशिरा आली. इंग्रजांचा १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट फक्त मुलांसाठी होता. त्यातली बालगुन्हेगाराची व्याख्याच 'पंधरा वर्षांखालचा मुलगा' अशी आहे. मध्य प्रांताचा स्वतःचा बालकायदा झाला १९२८ मध्ये. त्याआधी हाताबाहेर गेलेल्या पोरींचं सरकार काय करत होतं, असं कुणी विचारेल. सरकारवर फारसं काही करायची वेळच येत नव्हती. पोरगी वयात येण्याआधी सासरी जायची, आणि सासर हेच सुधारगृह होतं. उठायची वेळ ठरलेली, उंबरा ओलांडायला परवानगी, माहेरची चिठ्ठी आली तर ती आधी दुसऱ्यानं वाचायची, आणि सासू नावाची अधीक्षिका.

या व्यवस्थेत न मावणारी एकच बाई होती, विधवा. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्तानं समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. त्यांना उत्तर गेलं ते आमच्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची आहे. बाईचं पाऊल वाकडं पडलं असं ओरडणाऱ्यांना ताराबाईंनी त्यात पुरुषाचा वाटा मोजायला लावला. मराठीत या विषयावर असं रोखठोक बोलायला सुरुवात एका जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या बाईनं केली, हे आम्ही विदर्भातले लोकही विसरून जातो.

नंतर वयाचे आकडे हलायला लागले. १८९१ च्या कायद्यानं संमतीचं वय १२ केलं. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, १९४९ ला ते १५ झालं, १९७८ ला १८. हे सगळं कागदावर. गावात अंमल व्हायला पिढ्या गेल्या, आणि अजूनही महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. तरी वयात येणं आणि लग्न यांच्यामध्ये पाच-सहा वर्षांची एक मोकळी जागा गावातल्या पोरीला पहिल्यांदाच मिळाली. तिच्या आजीकडे ही जागा नव्हती. या वर्षांमध्ये तिला एसटीचा मोफत पास मिळतो, तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज मिळतं, कपाशीच्या वेचणीला गेली तर हातात स्वतःचे चार पैसे येतात, आणि मोबाइल असतोच. प्रेमही मग याच जागेत होतं, दुसरं कुठं होणार? घराला या जागेचं काय करावं ते कळत नाही. वेचणी संपून हातात पैसा आला की सोयरीक जुळवायची घाई होते, आणि पोरगी पळते ती पुष्कळदा त्याच दिवसांत. प्रेमात पडली म्हणून पळाली असं आपण म्हणतो. मी ज्या पोरींशी बोलले त्यांच्यातल्या कितीतरी जणी ठरलेल्या लग्नातून पळाल्या होत्या. पोरगा फक्त सोबतीला होता. कागदावर मात्र प्रेमप्रकरण लिहिलं गेलं, कारण त्याला लगेच कलम लागतं. जुळवलेल्या सोयरिकीविरुद्धही कायदा आहे, बालविवाह प्रतिबंधाचा. तो कुणी काढत नाही.

पश्चिमेत ही मोकळी जागा आधी तयार झाली, आणि तिच्यावर पहारा ठेवायला सुधारशाळाही आधी उभ्या राहिल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८५६ साली लँकेस्टर गावी मुलींसाठी सरकारी सुधारशाळा काढली. कल्पना चांगली होती. तुरुंगासारखी एकच मोठी इमारत नको, छोटी छोटी घरं असावीत आणि प्रत्येक घरात आईसारखी एक बाई असावी. मुलींना स्वयंपाक, शिवण, धुणं शिकवायचे आणि मग कुणाच्या तरी घरी मोलकरीण म्हणून पाठवायचे. तिथं चोरीबद्दल आलेल्या मुली होत्या, पण 'हट्टी', 'अवज्ञा करणारी' म्हणून आणलेल्याही पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची तक्रार आईबापांनीच केली होती. लँकेस्टरच्या त्या बापात आणि आमच्या पारावरच्या बापात मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही पोरगी परत हवी होती, पण पळण्याआधी होती तशी.

या शाळांमध्ये पोरींच्या मनात काय चाललं होतं ते कळायचं कसं? नोंदवह्यांत वागणूक असते: कामात आळशी, उलट बोलते, प्रार्थनेत लक्ष नाही. मन सापडतं ते भलत्याच ठिकाणी, जप्त केलेल्या चिठ्ठ्यांत. १९१३ साली मार्गारेट ओटिस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका सुधारशाळेतल्या गोऱ्या आणि काळ्या मुलींच्या एकमेकींना लिहिलेल्या प्रेमाच्या चिठ्ठ्यांवर एक लेख लिहिला. या मुलींना वेगवेगळं ठेवलेलं होतं, बोलायची बंदी होती, चिठ्ठी सापडली तर शिक्षा होती. तरी त्या लिहीत राहिल्या. ओटिसबाईंनी त्याला विकृती म्हटलं. मला त्यात आधी दिसतं ते एवढंच, की आईबापांनी सोडलेल्या आणि सरकारनं कोंडलेल्या मुली एकमेकींना 'माझी' म्हणायला धडपडत होत्या. ज्या चिठ्ठ्या पोचल्या त्या फाटल्या असतील, हरवल्या असतील. पकडल्या गेल्या त्याच तेवढ्या इतिहासाला मिळाल्या.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. बाल न्याय कायद्याखाली केंद्रानं जे आदर्श नियम केले आहेत, त्यांत गृहातल्या मुलांना पत्रं लिहायची मोकळीक दिलेली आहे. त्याच नियमांत गृहाच्या प्रमुखाला प्रत्येक पत्र वाचायचा, पुरेसं कारण वाटलं तर ते अडवायचा, आणि कारण वहीत नोंदवून ते नष्ट करायचाही अधिकार दिलेला आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पोरी विकणारे दलाल असतील, ते मी समजू शकते. पण बालिकागृहातल्या पोरीला पत्र कोण लिहिणार? वर्गातली मैत्रीण, मावसबहीण, आणि तो. तिघांतलं कुठलंही पत्र तिच्या हाती पडेल याची खात्री नाही. भेटीला येणार आईबाप, म्हणजे ज्यांच्यापासून ती पळाली नेमकी तीच माणसं.

शिक्षिका होते तेव्हा आणि नंतरही अशा काही गृहांत माझं जाणं झालं. नावं देत नाही, कारण दोष कुणा एका गृहाचा नाही. तिथल्या अधीक्षिका दुष्ट नव्हत्या. अपुरा स्टाफ, वेळेवर न येणारं अनुदान, एक पोरगी पळाली तर स्वतःची नोकरी धोक्यात. अशा बाईला दाराचं कुलूप हाच आपला आधार वाटतो. आत शिवणयंत्रं होती, रांगोळी होती, प्रार्थना होती, महिन्यातून एकदा कुणीतरी संस्कारांवर बोलायला येत होतं. एक पोरगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माये पेपर कसे होतीन?" तिला त्या पोराबद्दल काही विचारायचं नव्हतं, आईबद्दलही नव्हतं. बारावीचं वर्ष होतं. तिला तिथं आणताना हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता, कारण सगळ्यांच्या लेखी ती एका प्रेमप्रकरणातली पोरगी होती, बारावीतली नव्हती.

गृहात एकाच भावनेला मान असतो, तो म्हणजे पश्चात्ताप. पंडिता रमाबाईंबद्दल मला अतोनात आदर आहे. १८९७ च्या सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः इकडे आल्या आणि मरणाच्या, त्याहून वाईट म्हणजे दलालांच्या तोंडातून शेकडो पोरी वाचवून केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन गेल्या. तिथं १९०५ साली धर्मजागृतीची एक लाट आली. मुली दिवसचे दिवस मोठमोठ्यानं रडत, पापांची कबुली देत, प्रार्थना करत होत्या. मिशनच्या लोकांनी तो पवित्र आत्म्याचा संचार मानला. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायची माझी इच्छा नाही. पण ती वर्णनं वाचताना वाटतं, आठ वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला आई मेलेली पाहिलेल्या पोरींना मोठ्यानं रडायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली असेल, आणि ती पापाच्या नावानंच मिळत होती.

बंद गृहात पोरीच्या भावना मोजायचा एक वेगळा प्रयत्न झाला, त्यावर थोडं थांबलं पाहिजे. १९३२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या मुलींच्या शाळेतून दोन आठवड्यांत चौदा मुली पळाल्या. हा आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे 'वाईट' मुलगी शोधायला घेतली असणार. याकोब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं हेलन जेनिंग्ज या सहकारी बाईबरोबर दुसरंच केलं. शाळेत पाचशेवर मुली होत्या. प्रत्येकीला विचारलं, तुला कुणासोबत एका घरात राहायला आवडेल, कुणासोबत नाही? उत्तरांचा कागदावर नकाशा काढला: मुलगी म्हणजे एक टिंब, आवडीची रेघ तांबडी, नावडीची काळी. पळालेल्या मुली वेगवेगळ्या घरांतल्या होत्या आणि सगळ्या एकमेकींना ओळखतही नव्हत्या. पण नकाशावर त्यांना जोडणारी मैत्रीची साखळी दिसली. एकीच्या पळण्याची बातमी आणि धाडस त्या साखळीतून पुढे सरकत गेलं होतं. न्यूयॉर्क टाइम्सनं ३ एप्रिल १९३३ ला यावर बातमी दिली. भावनांचा नवा भूगोल, अशा अर्थाचा तिचा मथळा होता. आज फेसबुकच्या जाळ्यावर अभ्यास करणारे लोक आपल्या शास्त्राचं मूळ तिथं शोधतात. म्हणजे हे शास्त्र कोंडलेल्या पोरींच्या मैत्र्यांवर उभं राहिलं आहे.

मोरेनोनं पुढे मुलींना त्यांच्या पसंतीनुसार घरं वाटून द्यायला लावली आणि पळण्याचं प्रमाण घटलं असा दावा केला. दावा त्याचा स्वतःचा आहे, तेव्हा तो किती मानायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. नकाशाचा उपयोगही शेवटी मुलींना आत टिकवण्यासाठीच झाला, हेही खरं. तरीसुद्धा त्या शाळेनं एकदा का होईना पाचशे मुलींना विचारलं की तुम्हाला कोण हवंय. आणि मर्यादा बघा. त्याच एप्रिलमध्ये तिथं एक काळी मुलगी आली, वर्षभरापूर्वी आई वारलेली. काळ्या मुलींसाठी तिथं वेगळी, दाटीवाटीची घरं होती आणि शाळेचं गायनपथक फक्त गोऱ्या मुलींचं होतं. ही मुलगी पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९३४ मध्ये, हार्लेमच्या अपोलो थिएटरातल्या हौशी गायकांच्या स्पर्धेत उभी राहिली आणि जिंकली. तिचं नाव एला फिट्झगेराल्ड. टिंबं आणि रेघा काढणाऱ्यांच्या शाळेत तिला गाऊ दिलेलं नव्हतं.

आता अमेरिकेतून देसाईगंजला येते, कारण या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट आमच्याच मातीत घडलेली आहे. २६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. चौदा ते सोळाच्या मधली, अनाथ, मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. पोलिस ठाण्यात दोन शिपायांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा खटला मथुरा प्रकरण म्हणून देशभर ओळखला जातो. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं; अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असं ते तर्कशास्त्र. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला. एवढं आपण शाळा-कॉलेजांत सांगतो.

या गोष्टीचं पहिलं पान मात्र आपण वगळतो. ती मुलगी त्या रात्री ठाण्यात गेलीच कशाला होती? ज्याच्याशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं, त्यानं आणि त्याच्या नातेवाइकांनी तिला पळवलं अशी तक्रार तिच्या भावानं दिली होती म्हणून. भावाच्या मनात वाईट नसेल. तिच्या प्रेमाची चौकशी करायला म्हणून पोलिसांनी सगळ्यांना बोलावलं, जबाब घेतले, आणि रात्री बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवून घेतलं. पुढे हेच प्रेम कोर्टात तिच्याविरुद्ध वापरलं गेलं. तिला शरीरसंबंधांची सवय होती, ती खोटं बोलते, आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रियकरापुढे आपण शुद्ध दिसावं म्हणून तिनं बलात्काराची गोष्ट रचली, असा तर्क सत्र न्यायालयानं केला. म्हणजे त्या रात्री जो एकटा तिचा आधार होता, त्याच्यावरचा तिचा जीव हाच खोटेपणाचा पुरावा ठरला. १९८३ च्या दुरुस्तीत कोठडीतल्या अत्याचारासाठी वेगळी कलमं आली आणि त्यांत पोलिस ठाण्याबरोबर तुरुंग, रिमांड होम, बायका-मुलांच्या संस्था यांचंही नाव लिहिलं गेलं. पोरीला जिथं सुरक्षित म्हणून ठेवतो तिथंच तिला धोका असू शकतो, हे कायद्यानं देसाईगंजनंतर मान्य केलं. पारावर ते अजून कुणी मान्य केलेलं नाही.

'सवय असलेली' हा शेरा यायचा तो दोन बोटांच्या चाचणीतून, म्हणजे डॉक्टरनं योनीत बोटं घालून केलेल्या तपासणीतून. सुधारशाळांच्या काळात अमेरिकेतही मुलीला बालन्यायालयात आणलं की कौमार्याची तपासणी नेहमीची होती. आपल्याकडे ही चाचणी घालवण्यासाठी ज्यांनी चिकाटीनं काम केलं त्यांत सेवाग्रामचे न्यायवैद्यक डॉ. इंद्रजित खांडेकर आहेत. त्यांच्या अहवालावरून २०१० मध्ये नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका झाली. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ही चाचणी नाकारली. एक घाण गेली म्हणायची.

आता दुसरी बाजू. ती मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. लग्नाच्या नावाखाली परराज्यात पोरी विकल्याचे गुन्हे आमच्या भागात नोंदले गेले आहेत. झरी-जामणी, पांढरकवड्याकडच्या कुमारी मातांचा प्रश्न कित्येक वर्षं विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत गाजतो आहे. तिथं बाहेरून आलेल्या पुरुषांनी आदिवासी पोरींना फसवून सोडून दिलं, आणि त्या पोरींना 'तुझं प्रेम होतं ना?' म्हणून कुणी मोकळं सोडलं असतं तर ते क्रौर्य ठरलं असतं. पळालेली प्रत्येक पोरगी शहाणी नसते आणि सोबतचा प्रत्येक पोरगा भला नसतो. पोरगा दुसऱ्या जातीचा असेल तर घरी परत पाठवणं म्हणजे पोरीला मरणाच्या दारात ढकलणंही असू शकतं. म्हणून बालिकागृहं बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री अकरा वाजता घरातून हाकललेल्या पोरीला दार उघडणारी एक तरी जागा जिल्ह्यात हवीच.

पण विकायला नेलेली पोरगी, फसवली गेलेली पोरगी आणि ठरल्या लग्नातून पळालेली पोरगी यांतला फरक कळणार कसा? तिला विचारूनच, आणि ती निर्धास्तपणे सांगेल अशा जागी विचारून. ठाण्यात, बापासमोर, चार अनोळखी माणसांपुढे ती मान हलवते तेवढंच. चहूबाजूंनी कोंडलेली पोरगी त्या पोराला जास्त घट्ट धरते, हे कुठल्याही आईला माहीत असतं. उरलेलं सगळं जग तिच्या विरोधात उभं असतं. दलालाला याहून सोयीचं काय असणार? तो पोरीला हेच तर सांगत असतो, की तुझं माझ्याशिवाय कुणी नाही. आणि आपण ते खरं करून दाखवतो.

सुप्रीम कोर्टापर्यंत ही गोष्ट अखेर पोचली. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात अल्पवयीन मुलगी घर सोडून एका तरुणाकडे गेली, त्याला पोक्सोखाली, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली, शिक्षा झाली, पुढे दोघांचा संसार झाला, मूल झालं. २३ मे २०२५ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी अनुच्छेद १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी सुप्रीम कोर्टाला असलेला खास अधिकार, वापरून त्याला तुरुंगवास न देण्याचा निर्णय दिला. त्याआधी कोर्टानं एक तज्ज्ञ समिती नेमून मुलीचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. समितीनं सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं जो गुन्हा होता त्यानं तिला तेवढी इजा झाली नाही; इजा झाली ती नंतरच्या पोलिस-कोर्टाच्या फेऱ्यांनी आणि त्याला सोडवण्याच्या सततच्या लढाईनं. समाज, यंत्रणा आणि तिचं घर या सगळ्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं होतं. हा निकाल पायंडा म्हणून वापरता येणार नाही असं कोर्टानं बजावलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण एका मुलीचं म्हणणं ऐकायला देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाला समिती नेमावी लागते, आणि तोवर ती बाई झालेली असते, हे नीट लक्षात घ्या.

संमतीचं वय २०१२ च्या पोक्सो कायद्यानं सोळावरून अठरावर गेलं. ते पुन्हा खाली आणू नये, असं विधी आयोगानं २०२३ च्या अहवालात सुचवलं. सोळा ते अठरामधल्या प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत थोडी मोकळीक असावी, एवढंच म्हटलं. मला स्वतःला ते अपुरं वाटतं. दोघांच्या वयात दोन-तीन वर्षांचंच अंतर असेल आणि मुलगी स्वतः तक्रार करत नसेल, तर तिथं गुन्हाच लागू नये असा अपवाद कायद्यात हवा. पण तो वाद दिल्लीत चालेल, वर्षानुवर्षं चालेल. जिल्ह्यात आज, आहे त्या कायद्यात, पुष्कळ काही करता येतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं बाल न्याय कायद्यातच लिहिलेलं आहे. बालकल्याण समितीला 'योग्य व्यक्ती'कडे मूल सोपवता येतं. ती व्यक्ती तालुक्यातली निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका, चांगल्या घरची विधवा मावशी असू शकते. अशा बायकांची यादी प्रत्येक तालुक्यात आधीच तयार असली तर रात्री अकराचा प्रश्न बराचसा सुटतो. आमच्याकडे ही यादी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी घरी रिकाम्या बसलेल्या आहेत.

गृहात ठेवायचीच वेळ आली, तर ती ज्यांची नावं सांगेल अशा दोन माणसांची भेट तिला मिळू द्या, आईबाप सोडून. एक मैत्रीण असेल, एक शाळेतली बाई असेल. चौकशी करून मग द्या, पण द्या. पत्र अडवलं तर का अडवलं ते तिला सांगा. वहीत लिहिलेलं कारण तिच्या काय कामाचं? ती अठराची होते त्या दिवशी दार उघडतं आणि आपण हात झटकतो, तेही थांबलं पाहिजे. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं, अठरानंतरही त्यांना बाहेर काढायला नकार दिला, आणि तसा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं भांडत राहिले; सरकारनं २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, मुलंही वेगळी आहेत. पण अठराव्या वाढदिवसाला नातं संपत नाही, एवढं तरी त्यांच्याकडून घेता येईल.

आणि परीक्षा. सप्टेंबरात आणलेली पोरगी बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळी गृहात असते, शाळेत तिची हजेरी तुटलेली असते, आणि मार्च उलटून जातो. शाळेचं नाव टिकवायचा प्रयत्न आधी करा. नाहीच जमलं तर १७ नंबरचा फॉर्म आहे, खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्याचीही मुदत असते, म्हणून ती आल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना पत्र जायला हवं, शाळा सोडल्याचा दाखला यायला हवा, पुस्तकं यायला हवीत. हे काम कुणाचं, ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. समितीच्या आदेशात तिच्या राहण्याच्या ओळीखाली शिक्षणाची एक ओळ घाला आणि त्या ओळीपुढे एका माणसाचं नाव लिहा.